जुनी मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायचीय? आधी हा हिशेब समजून घ्या

भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनी, कुठेही चक्कर मारा. एखाद्या वाड्याच्या कोपऱ्यात, धानाच्या पोत्यांशेजारी किंवा टिनाच्या शेडखाली ताडपत्री टाकलेली मारुती ८०० दिसतेच. घरातली ती पहिली कार असते. विकायला मन होत नाही आणि चालवायची तर हिंमत होत नाही.

मग कुणीतरी मोबाईलवर चकाचक केलेल्या ८००चा व्हिडिओ दाखवतं आणि विषय निघतो, "आपली पण बनवून घेऊ की! किती लागतील, वीस-पंचवीस हजार?"

अडचण अशी की गाडी दुरुस्त होणं आणि ती कायदेशीरपणे रस्त्यावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकांचं बजेट गॅरेजमध्ये नाही, तर कागदपत्रांत कोसळतं. कमी पैशांत जुनी छोटी कार उभी करायची असेल तर काय, कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे थांबायचं, ते पाहू.

मारुती ८००च का?

पहिली मारुती ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना चावी दिली. तेव्हा किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. १९८६ मध्ये गाडीचा आकार बदलला आणि आज आपल्याला ओळखीचं असलेलं मॉडेल आलं. २०००च्या सुमारास कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय इंजिन आलं. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं.

हरपाल सिंग यांनी ती गाडी २०१० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत सांभाळली. नंतर ती बरीच खराब झाली होती. पुढे कंपनीनं ती मूळ रूपात आणून आपल्या मुख्यालयात ठेवली. देशातल्या पहिल्या ८००ला कंपनीचं पाठबळ मिळालं. तुमच्या अंगणातल्या गाडीला ते मिळणार नाही, म्हणून हिशेब आधी करावा लागतो.

तरीही कमी बजेटसाठी ८०० सोयीची आहे. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं आणि रचनेला साधं. वजन साधारण साडेसहाशे किलो. मारुती ओम्नीमध्येही याच घराण्यातलं ७९६ सीसी इंजिन होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनचे बरेच भाग अजून मिळतात. शिवाय हे इंजिन डोळे मिटून खोलणारे मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणीही सापडतात.

पहिलं काम: पाना नाही, आरसी हातात घ्या

खासगी कारची नोंदणी म्हणजे आरसी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. भंडारा जिल्ह्यासाठी हे काम उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होतं. एमएच ३६ ही तिथलीच मालिका.

१९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याची मालिका एमएच ३५. नागपूरहून आलेल्या गाड्या एमएच ३१, ४० किंवा ४९च्या असतात. गाडी दुसऱ्या कार्यालयाची असेल तर तिथली ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागू शकते.

आरसीवर चार गोष्टी बघा.

पहिली, मुदत कधी संपली. मुदत संपल्यावर खासगी कारला नूतनीकरणाच्या उशिरासाठी दर महिन्याला ५०० रुपये जादा शुल्क लागतं. म्हणजे वर्षाचे ६,००० आणि तीन वर्षांचे १८,००० रुपये. ताडपत्रीखाली उभी असलेली गाडीही अशी गुपचूप खर्च वाढवत असते.

दुसरी, मालक कोण. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यासोबत मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतात. भावंडांची संमती आधीच घेऊन ठेवा. गाडीला रंग लागल्यावर हिस्सेदार आठवतात, हा अनुभव नवा नाही. गाडी विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३० लागतात.

तिसरी, कर्जाचा बोजा. हप्ते वीस वर्षांपूर्वी फिटले तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ती बँक किंवा पतसंस्था बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर इथेच महिना जातो.

चौथी, गाडीची माहिती ऑनलाइन दिसते का. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद वाहन पोर्टलवर नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा अर्जच भरता येत नाही.

मग आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुळत नसेल आणि त्याचा कागद नसेल, तर तिथेच थांबा. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

कागदांचा खर्च किती?

नूतनीकरणाचं शुल्क आधी ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते कारसाठी ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं नियम बदलले आणि २० वर्षांहून जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये केलं.

याखेरीज महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी वाहनांना पर्यावरण कर आहे. पेट्रोल कारसाठी तो पाच वर्षांचे ३,००० रुपये ठरवण्यात आला. आता बेरीज करू.

२० वर्षांहून जुनी पेट्रोल ८०० असेल तर:
• नोंदणी नूतनीकरण: १०,००० रुपये
• पर्यावरण कर, पाच वर्षांसाठी: ३,००० रुपये
• थर्ड पार्टी विमा, एक वर्ष: १,००० सीसीपर्यंतच्या कारसाठी २,०९४ रुपये, १८ टक्के जीएसटीसह सुमारे २,४७१
• एचएसआरपी नंबर प्लेट: ७४५ रुपये, जीएसटीसह सुमारे ८७९

एकूण सुमारे १६,३५०. गाडी १५ ते २० वर्षांची असेल तर ५,००० कमी, म्हणजे सुमारे ११,३५०. यात पीयूसी, मालक-चालकाचा अपघात विमा, नाव बदलण्याचं शुल्क आणि उशिराचे पैसे धरलेले नाहीत. तीन वर्षांचा उशीर जोडला तर वीस वर्षांवरच्या गाडीचा आकडा ३४,००० च्या पुढे जातो. गॅरेजमध्ये एक नटही न फिरवता! शुल्क बदलत असतं, म्हणून अर्जाच्या दिवशी परिवहन पोर्टलवर दिसणारा आकडाच अंतिम धरा.

दिल्लीत जुन्या गाड्या बंद, मग भंडाऱ्यात?

सोशल मीडियावर सर्वात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर आहे. १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवू नयेत, हा आदेश दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी होता. राष्ट्रीय हरित लवादानं तो दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. त्याच्या अंमलबजावणीवर पुढेही न्यायालयात वाद झाले.

भंडाऱ्यात तो लागू नाही. इथे १५ वर्षांनंतर गाडी आपोआप भंगार होत नाही. तपासणीत उत्तीर्ण झाली आणि पैसे भरले की पाच वर्षं चालते.

दुसरा गैरसमज 'व्हिंटेज' शब्दाचा. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या वाहनालाच व्हिंटेज दर्जा मिळतो. सर्वात पहिली ८००सुद्धा २०३३ मध्ये पन्नाशी गाठेल. त्यामुळे 'व्हिंटेज आहे' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढे चला.

गाडी तपासताना सगळ्यात आधी पत्रा

ट्रकला वेगळी चेसिस असते, ८००ला नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. पत्रा सडला म्हणजे गाडीची ताकदच गेली. इंजिन बदलता येतं, सडलेला सांगाडा कमी बजेटमध्ये बदलता येत नाही.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पावसाळा दांडगा, बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी आणि कच्च्या रस्त्यांवरचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटून राहतो. त्यामुळे मॅट आणि कार्पेट उचलून फ्लोअर बघा. बॅटरीखालचा पत्रा, दरवाजांच्या खालच्या कडा, जॅक लावण्याची जागा, स्टेपनीचा खड्डा आणि पुढचे शॉकअप जिथे वर बसतात ती जागा नीट तपासा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. आवाज खणखणीत आला तर पत्रा जिवंत आहे. बोद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आत गंज आहे. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर असतो.

२०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं. अनेक वाहनं बुडाली. त्यामुळे इथली गाडी घेताना पुराची खूण शोधायलाच हवी. सीट बेल्ट पूर्ण ओढून बघा, आतल्या भागावर मातीची रेघ दिसते. डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवट झालेत का, हेडलाइटच्या काचेत गाळ आहे का, तेही बघा.

वर्षानुवर्षं बंद गाडीला लगेच सेल्फ मारू नका

ही सर्वात महागात पडणारी घाई. गाडी अनेक वर्षं उभी असेल तर सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, रिंग चिकटतात. थेट सेल्फ मारला तर भिंतींवर ओरखडे पडतात आणि पाच हजारांत होणारं काम इंजिन बोअरिंगपर्यंत जातं.

बरोबर क्रम असा: स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पान्यानं क्रँक हातानं फिरवा. मोकळा फिरला की जुनं ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलंट बदला. टाकीतलं शिळं पेट्रोल पूर्ण काढा. त्यानंतरच बॅटरी जोडा.

काढलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. मिस्त्रीकडून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिन्हींचं सारखं असेल तर इंजिन खोलण्याचा मोह टाळा. 'खोललंच आहे तर हेही करून घेऊ' या एका वाक्यानं बजेट दुप्पट होतं.

पैसे कमी असतील तर कामाचा क्रम

१. थांबणं. ब्रेक सर्वात आधी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होस, पुढचं-मागचं घर्षणाचं सामान आणि नवं ब्रेक ऑइल, यात काटकसर नाही. हँडब्रेकची केबलही तपासा.

२. वळणं. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि शॉकअप. चाकं उचलून हातानं हलवली की ढिलेपणा कळतो.

३. टायर. ८००ला १२ इंची टायर लागतात. टायरवर चार अंकी तारीख असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षं जुना टायर रबर कडक झाल्यानं फुटू शकतो. भंडाऱ्याचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रक शेजारून जात असतात. तिथे टायर फुटणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

४. थंड राहणं. रेडिएटर साफ करा, होस पाइप, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बघा, रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का ते तपासा. याच टप्प्यावर टायमिंग बेल्टही बदला. किती किलोमीटर झाले हे इथे गौण आहे, रबर वयानंही मरतं.

५. वायरिंग. कोठारातल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली असतेच. टेप गुंडाळून काम भागवू नका. फ्यूजऐवजी तांब्याची तार लावलेली दिसली तर आधी ती काढा. गाडी पेटण्याचं ते सोपं कारण आहे.

६. रंग. हा शेवटी. गंज काढून, प्रायमर मारून ठेवलेली गाडी दिसायला बरी नसते, पण वर्षभर सहज चालते. रंग आधी केला आणि ब्रेकचे पैसे संपले, तर चकचकीत गाडी पुन्हा शेडमध्येच जाते.

ई-२० पेट्रोलचं काय?

आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ८०० त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला कमजोर करतं आणि ओल शोषतं. गाडी जास्त दिवस उभी राहिली तर टाकीत गंज धरू शकतो आणि कार्बोरेटरचे जेट चोक होतात. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं.

उपाय फार खर्चिक नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, फ्यूएल फिल्टर बदला, कार्बोरेटरची किट टाका. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

जुने भाग कुठे चालतात, कुठे नाहीत?

दरवाजे, बोनेट, काचा, सीट, डॅशबोर्ड, हँडल, मीटर हे सामान भंगारातल्या दुसऱ्या ८००वरून घेतलं तरी चालतं. भंडाऱ्यात नाही मिळालं तर साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपूर आहेच. जाताना जुना भाग सोबत न्या. १९८६ नंतरच्या मॉडेलमध्येही वर्षागणिक बारीक फरक आहेत आणि कार्बोरेटर व एमपीएफआय गाड्यांचं सामान सरसकट एकमेकांना बसत नाही.

ब्रेकचे भाग, टायर, बेल्ट, इंधनाचे पाइप आणि स्टीअरिंगचे जोड मात्र नवेच घ्या. बिल मागा. नक्कल सामान हा कमी बजेटचा सर्वात मोठा सापळा आहे.

मिस्त्रीशी बोलताना 'सगळं मिळून किती?' असं विचारू नका. कामाची यादी करून प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लिहून घ्या, सामान आणि मजुरी वेगळी ठेवा, काढलेले भाग परत मागा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. ठरवलेल्या बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. जुनी गाडी खोलल्यावर काहीतरी निघतंच.

काय बदलता येतं?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वाहनात उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. छत कापणं, मोठी चाकं बसवणं, दुसऱ्या मॉडेलचं ताकदवान इंजिन टाकणं हे व्हिडिओत छान दिसतं, पण तपासणीत अडकतं आणि अपघात झाला तर विम्याचा वाद होतो. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. खराब इंजिनच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं तरी परवानगी आणि बिल लागतं.

शेवटचा टप्पा: विमा, पीयूसी, तपासणी

इंजिन सुरू झालं की आधी विमा, मग पीयूसी. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. नंतरच्या गाड्यांना निकष कडक आहेत. कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर ८०० यात सहज बसते. नापास झाली तर ओळखीचं पीयूसी केंद्र शोधू नका. ट्यूनिंग करा, मायलेजही सुधारेल.

त्यानंतर फॉर्म २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज आणि गाडीची तपासणी. मुदत संपलेली गाडी चालवत नेण्यापेक्षा टो करून न्या. नोंदणी नसताना चालवल्यास पहिल्या गुन्ह्यालाच ५,००० रुपयांपर्यंत आणि विमा नसताना २,००० रुपये दंड आहे. विम्याविना अपघात झाला तर भरपाईचा पूर्ण बोजा मालकावर येतो. त्यात शेत विकायची वेळ येऊ शकते.

कागद हातात आले तरी पहिल्याच दिवशी नागपूर गाठू नका. आधी गावात, मग दहा-वीस किलोमीटर, प्रत्येक फेरीनंतर पाणी, ऑइल आणि ब्रेक तपासा.

कधी सोडून द्यावं?

तीनपैकी एकही गोष्ट असेल तर मोह आवरा: सांगाड्याचा पत्रा सडलेला, चेसिस क्रमांक न जुळणारा, किंवा मालकीचा वाद न सुटणारा. अशा वेळी भंगारवाल्याला थेट गाडी देऊ नका. नोंदणी तुमच्याच नावावर राहते आणि त्या क्रमांकाचा गैरवापर झाला तर पोलीस तुमच्या दारी येतात. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात गाडी दिली की डिपॉझिट प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलतही मिळू शकते.

थोडक्यात

वीस-पंचवीस हजारांत ८०० रस्त्यावर येऊ शकते का? आरसीची मुदत शिल्लक असेल, पत्रा चांगला असेल आणि इंजिन मोकळं फिरत असेल, तर शक्य आहे. मुदत संपून वर्षं झाली असतील तर तेवढे पैसे कागदांनाच लागतील. आणि पुन्हा विकून फायदा होईल, हा विचार असेल तर तो सोडलेलाच बरा. खर्च केलेला पैसा ८००मध्ये बहुतेक वेळा परत मिळत नाही.

घरातली पहिली कार पुन्हा घरच्यांना घेऊन बाजाराला जावी, एवढीच इच्छा असेल तर ती पूर्ण करता येते. सुरुवात गॅरेजमधून करू नका. कपाटातली आरसी काढा आणि तिच्यावरची तारीख वाचा.